उजव्या कानशिलावरची कॅप्सूल

"ह्यातला आमचा कुठला?"

पद्माक्कांनी माझ्या खांद्यावरून वाकून कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट टेकवलं. पडद्यावर अठ्ठावन्न मेंदू आठ-आठच्या रांगांत मांडलेले होते, लाल, हिरव्या, निळ्या धाग्यांनी भरलेले. गेले तीन दिवस मी त्यांच्याकडे बघून दातओठ खात होते.

"नावं नसतात अक्का, नुसते नंबर असतात," मी म्हटलं. खरं तर भूपालदादांचा नंबर मला पाठ होता. एकोणीस. पण अक्का एकदा बसल्या की अर्धा तास उठत नाहीत आणि माझ्याकडे रविवारपर्यंतचाच वेळ होता. आज शुक्रवार.

"बरं, नंबर तर नंबर. ह्याचे हात बघा जरा. भूपा, दाखव."

भूपालदादा दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. भूपाल मगदूम, वय अडतीस, अक्कांचे धाकटे भाऊ. मिरजेच्या लक्ष्मी मार्केटमागच्या एका छापखान्यात ते खिळे जुळवायचं काम करत. शिशाचं एकेक उलटं अक्षर उचलून ओळ बांधायची, असं ते जुनं काम. त्यांनी हात पुढे केले. उजवा अंगठा तर्जनीवर एकसारखा घासला जात होता, जसा कुणी तंबाखू मळावा तसा. ते तंबाखू खात नाहीत.

"जूनमधी गोळी वाढवली तवापासनं हे सुरू झालंय," अक्का म्हणाल्या. "खिळा हातात धरवत न्हाई. मालक म्हनतो, गणपतीची आरतीची पुस्तकं पुढल्या शनवारपातूर बांधून दिली तर ठेवतो, न्हाईतर सगळे खिळे वितळवायला देतो आन् कॉम्प्युटर आणतो. हा घरी बसला तर काय हुईल ठावं हाय न्हवं तुम्हाला?"

मला ठाऊक होतं. भूपालदादांना आवाज ऐकू यायचा. एकच, पुरुषाचा, खरखरीत. 'चुकलं. उलटं लावलंस. काढ.' कामात हात गुंतलेले असले की तो गप्प असे, रिकामं बसलं की दिवसभर पिच्छा पुरवी. आठ वर्षांपूर्वी छापखाना चार महिने बंद होता, तेव्हा त्या आवाजाला कंटाळून त्यांनी विहिरीत उडी टाकली होती. पाण्याला कमरेएवढीही खोली नव्हती म्हणून वाचले.

"पण गोळ्यांचं मुजावर सर बघतात, अक्का. मी डॉक्टर नाही. मी नुसता अभ्यास करते."

"सिस्टर म्हणाल्या, फॉर्मातला आकडा वाढला म्हणून सरांनी गोळी वाढवली. आन् आकडा तुम्ही काढता."

मी म्हटलं, "बघते. आजच फॉर्म काढून बघते." भूपालदादांनी उठताना पडद्याकडे एकदा बघून घेतलं. जूननंतरच्या दोन महिन्यांत ते माझ्याशी तसे फार बोललेच नव्हते.

ह्याला आता पंधरा वर्षं झाली. तेव्हा मी, हेमांगी ढवळे, सव्वीस वर्षांची होते आणि माझ्या डोक्यात मेंदूच्या पांढऱ्या भागाखेरीज काही शिरत नसे. लोक मेंदू म्हटलं की करडा भाग धरून बसतात; विचार तिथे होतो म्हणतात. मला पांढऱ्याचं वेड. पांढरा भाग म्हणजे तारा. इकडचं तिकडे कळवणाऱ्या, चरबीचं वेष्टण असलेल्या लाखो तारा. त्यातला कमानीसारखा वाकलेला एक जुडगा, बोलणं तयार करणाऱ्या पुढच्या भागापासून ऐकणाऱ्या मागच्या भागापर्यंत जातो. आपण मनातल्या मनात बोलतो तेव्हा पुढचा भाग मागच्याला म्हणे आधीच निरोप धाडतो, की हे माझंच आहे, लक्ष देऊ नकोस. आता ह्या तारांचं वेष्टण विरळ झालं आणि निरोप उशिरा पोचला, तर? स्वतःचंच बोलणं परक्याचं वाटेल का? स्किझोफ्रेनियात आवाज ऐकू येतात त्यामागे हे असेल का?

ही कल्पना माझी नव्हती, जगात पुष्कळ लोक ह्यावर काम करत होते आणि त्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं. पण आमच्या छोट्याशा केंद्राकडे तीस रुग्ण होते, अठ्ठावीस निरोगी माणसं होती आणि सकाळी सहा ते नऊ वापरायला मिळालेलं एक चांगलं एमआरआय मशीन होतं. मशीन तारांमधलं पाणी मोजतं. वेष्टण चांगलं असलं की पाणी तारेच्या दिशेने सरळ जातं, बिघडलं की इकडेतिकडे पसरतं. किती सरळ जातं त्याचा शून्य ते एक असा आकडा निघतो. बहुतेक माणसांत बोलण्याचं काम डावी बाजू करते, म्हणून आवाज ऐकणाऱ्यांच्या डाव्या कमानीत हा आकडा कमी निघायला हवा. उजव्या कमानीत नको.

आणि माझ्याकडे काय निघत होतं? आंबील. डावीकडेही थोडा कमी, उजवीकडेही थोडा कमी, आणि फरक इतका बारीक की फुंकर मारली तर उडेल. रविवारी दिल्लीच्या परिषदेसाठी गोषवारा पाठवायची शेवटची तारीख होती. मुजावर सर शांतपणे म्हणाले होते, "नाही निघालं तर नाही निघालं असं लिही. तोही निष्कर्षच." त्यांना काय जातंय. त्यांनी असे निष्कर्ष तीस वर्षं पचवले होते.

अक्का गेल्यावर मी कपाटातून एकोणीस नंबरची फाईल काढली. खरं सांगते, भूपालदादांच्या हातांसाठी म्हणून कमी आणि कबूल केलं म्हणून जास्त. लक्षणांचा फॉर्म तीस प्रश्नांचा असतो. प्रत्येकाला एक ते सात गुण, एक म्हणजे लक्षण नाही, सात म्हणजे अतोनात. शेजारी रुग्णाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहायचं. मी जूनचा फॉर्म चाळत गेले आणि नवव्या प्रश्नापाशी थांबले. माझ्याच गिचमिड अक्षरात लिहिलं होतं:

'स्कॅनच्या वेळी कानशिलावरची कॅप्सूल मागच्या वेळी होती त्याच्या दुसऱ्या बाजूला लावली, असं ठामपणे म्हणतात. तसं झालेलं नाही हे सांगूनही मत बदलत नाही.'

मी ते एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं आणि फाईल घेऊन खुर्चीत बसले.

ती कॅप्सूल काय ते सांगायला हवं. मेंदूच्या दोन बाजू दिसायला जवळजवळ सारख्या. मशीनमधली चित्रं माझ्या कॉम्प्युटरवर आणताना कधीकधी आरशातल्यासारखी उलटी व्हायची, आणि नुसतं बघून ते कळत नसे. म्हणून आमच्या धंद्यात एक साधी युक्ती होती. स्कॅनच्या आधी माणसाच्या उजव्या कानशिलावर चिकटपट्टीने व्हिटॅमिन ईची कॅप्सूल लावायची. आत तेल असतं, ते चित्रात पांढरं चमकतं. जिकडे ठिपका तिकडे उजवं. इतकं सोपं की चुकायला जागा नाही.

जूनच्या एका पंधरवड्यातल्या अकरा चित्रांत ठिपका डावीकडे दिसला होता. मी काय करायला हवं होतं? तंत्रज्ञाला विचारावं, मशीनची नोंद तपासावी. मी म्हटलं, चित्रं उलटी आली आहेत. आणि चार ओळींचा प्रोग्रॅम लिहून अकराच्या अकरा मेंदू एका फटक्यात उलटे करून सुलटे केले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. वर त्या संध्याकाळी हुशारीबद्दल स्वतःला भेळ खिलवली होती.

आता चित्रं उलटी आलीच नसतील, आणि कॅप्सूलच चुकीच्या बाजूला लावली असेल तर?

अकरापैकी नऊ जण आवाज ऐकणारे होते. माझ्या डाव्या कमानी उजवीकडे गेल्या होत्या आणि उजव्या डावीकडे. आंबील होणार नाही तर काय होईल!

पुरावा हवा होता, तोही लगेच. मग आठवलं, भूपालदादांचा स्कॅन दोनदा झाला होता. जानेवारीत सरावाचा म्हणून, आणि जूनमध्ये मोजणीचा. त्यांच्या मेंदूत मुगाच्या दाण्याएवढा एक पांढरा डाग आहे, निरुपद्रवी, असा पुष्कळांना असतो. जानेवारीचं चित्र उघडलं. डाग डावीकडे. जूनचं, मी सुलटं केलेलं, उघडलं. डाग उजवीकडे.

डाग काही बाजू बदलत नाही. बदलली होती ती मी.

मी खुर्चीतून अशी उठले की खुर्ची मागच्या कपाटावर आदळली. पायात चपला नव्हत्या, तशीच तळमजल्यावर एमआरआयच्या खोलीत गेले. जूनमध्ये नवा लागलेला तंत्रज्ञ कोष्टी डबा खात होता.

"कोष्टी, कॅप्सूल कशी लावता दाखवा."

"आत्ता? जेवून…"

"आत्ताच. मला लावा. मी रुग्ण."

मी टेबलाच्या कडेला बसले. कोष्टींनी हात पुसले, चिकटपट्टी तोडली, माझ्यासमोर उभे राहिले आणि मोठ्या आत्मविश्वासाने कॅप्सूल लावली. माझ्या उजव्या कानशिलावर.

माझा हिरमोड झाला. "नेहमी अशीच लावता?"

"नेहमी."

"सुरुवातीपासून? जूनमध्येसुद्धा?"

कोष्टी डब्याकडे बघायला लागले. भाजी शेपूची होती, तिच्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

"कोष्टी, मी तक्रार करायला आलेले नाही. शपथ. मला फक्त खरं हवंय. खरं सांगितलंत तर तुमच्या घरी बासुंदी पाठवते."

"पहिले पंधरा दिवस…" ते हळूच म्हणाले. "आधीचे तंत्रज्ञ डोक्यामागं उभे राहून लावायचे. मी समोर उभा राहून लावायचो. माझ्या उजव्या हाताकडं ते उजवं, असं धरून चाललो. मग सिस्टरनी एकदा बघितलं आणि म्हणाल्या, अहो, तुमचं न्हवं, पेशंटचं उजवं. तेव्हापासून सुधारलं. कुणी विचारलं न्हाई म्हणून सांगितलं न्हाई. नोकरी नवी होती मॅडम."

"पंधरा दिवस म्हणजे किती तारखेपर्यंत?"

त्यांनी कॅलेंडर बघून सांगितलं. तारखा जुळल्या. अकराच्या अकरा. मी कोष्टींचा हात धरून जोरजोरात हलवला, तो बिचारा जेवणाचा हात होता. कानशिलावरची कॅप्सूल तशीच ठेवून मी जिना चढले.

अकरा मेंदू परत होते तसे केले आणि सगळं गणित पहिल्यापासून लावलं. त्या काळचा आमचा कॉम्प्युटर बैलगाडीच्या चालीचा, अठ्ठावन्न माणसांना पंधरा-सोळा तास घ्यायचा. संध्याकाळी घरी गेले. आईने विचारलं, कानशिलाला काय लावलंयस? मी म्हटलं, दिशा. ती पुढे काही विचारायच्या भानगडीत पडली नाही.

शनिवारी सकाळी साडेसहाला पहारेकऱ्याकडून किल्ली घेतली. पडद्यावर आलेख तयार होता. उजवी कमान: तिन्ही गटांचे ठिपके एकमेकांत मिसळलेले, काही फरक नाही. डावी कमान: निरोगी माणसं वर. आवाज न ऐकणारे रुग्ण त्यांच्या किंचित खाली. आणि आवाज ऐकणारे स्पष्ट खाली, वेगळा थवा करून बसलेले. ज्याचा आवाज जितका छळणारा तितका ठिपका खाली. आंबील कुठल्या कुठे गेली होती.

मी दोन वर्षं ज्याची वाट बघत होते ते समोर होतं आणि खोलीत सांगायला कुणी नव्हतं. मी एकटीच टाळ्या वाजवल्या. मग पहारेकऱ्याला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "छान हाय रांगोळी." त्याचंही मला कौतुक वाटलं.

मुजावर सर आठला ओपीडीत येत. मी पावणेआठला त्यांच्या टेबलावर कागद पसरून उभी. सर आले, चष्मा बदलला, लिंबाचा चहा मागवला आणि आलेख नाकापर्यंत नेऊन बघितला. सर कधी हुरळत नसत. पण त्या दिवशी चहा आला तरी त्यांनी हात लावला नाही.

"हे काल नव्हतं," ते म्हणाले.

"काल अकरा मेंदू उलटे होते सर." मी सगळं सांगितलं. कॅप्सूल, कोष्टी, डाग, भेळ. भेळेवर ते हसले. "माणसं थोडी आहेत, फार फुगवून लिहू नकोस," म्हणाले. "चूक कशी झाली, कशी सापडली, तेही लिही. लपवायचं नाही."

"लिहिते."

"कशी सापडली?"

"भूपालदादांनी सांगितलं. भूपाल मगदूम. कॅप्सूल दुसऱ्या बाजूला लावली म्हणून."

"काल आला होता तेव्हा?"

"नाही, जूनमध्येच. स्कॅन झाल्याझाल्या. फॉर्मात लिहिलेलं होतं सर, माझ्याच कपाटात! काखेत कळसा नि गावाला वळसा."

सरांनी चष्मा काढला. "जूनमध्ये सांगितलं. मग तू काय केलंस?"

"लिहून घेतलं."

"आणखी?"

मला अजूनही कळत नव्हतं ते काय विचारतायत. मी इतकी उडत होते की कळणं शक्यच नव्हतं. त्यांनी हात पुढे केला, मी फाईल दिली. त्यांनी नववा प्रश्न काढला आणि कागद माझ्याकडे फिरवला.

"पुढची चौकट वाच."

चौकटीत पाच लिहिलेलं होतं. प्रश्नाचं नाव 'विचित्र, अवास्तव विचार'. खालच्या ओळीत, 'संशय', तिथे चार. एका माणसाने एक खरी गोष्ट पाहिली, जी आम्हा शहाण्यांपैकी तेव्हा कुणी पाहिली नव्हती, आणि मी तिला नऊ गुणांचा आजार देऊन टाकला होता. त्या गुणांनी त्यांचा एकूण आकडा वाढला. त्या आकड्यावर सरांनी गोळी वाढवली. त्या गोळीने हात कापायला लागले. आणि आत्ताच मी भूपालदादांचं नाव मोठ्या कौतुकाने घेतलं होतं, पण कालपासून त्यांचे हात मला एकदाही आठवले नव्हते.

"ह्याच्या खाली आणखी एक ओळ आहे," सर म्हणाले. "त्याच्या शब्दांत."

नियम म्हणून मी ती अवतरणात उतरवून घेतली होती आणि विसरले होते. 'हे त्यानं सांगितलेलं न्हाई. हे माझं मी बघितलंय.'

सर आलेख पुढे ओढून म्हणाले, "सगळ्यात खालचा ठिपका कुणाचा?"

मी नंबर बघितला. खरं तर बघायची गरज नव्हती. "एकोणीस. त्यांचाच."

"म्हणजे ज्याची तार सगळ्यात कमजोर, त्याला आवाजाचं कुठलं आणि स्वतःचं कुठलं हे त्या दिवशी बरोबर कळत होतं." त्यांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला. "गोळी मी वाढवली हेमांगी. तुझ्या आकड्यावर विसंबून, त्याला नीट न विचारता. उगाच सगळं स्वतःच्या डोक्यावर घेऊ नकोस, माझा वाटा ठेव. ओपीडी अकराला आटपेल. छापखाना कुठे आहे म्हणालीस?"

मार्केटमागच्या बोळात सीटं भरून नेणारी वडाप रिक्षा शिरत नाही, आम्ही चालत गेलो. छापखाना एका खोलीचा, शाईच्या आणि रॉकेलच्या वासाचा. भूपालदादा खिळ्यांच्या पेटीसमोर स्टुलावर बसले होते आणि पद्माक्का शेजारी उभ्या होत्या. दादा खान्याचं नाव घेत, अक्का खिळा काढून त्यांच्या डाव्या हातातल्या ओळ बांधायच्या पट्टीत ठेवत. "अगं, तो न्हवं, शेजारचा. उलटा धर. आता बरोबर." साठीच्या बाईने दोन महिन्यांत खिळे ओळखायला शिकून घेतलं होतं. सकाळपासून आरतीचं दीड पान झालं होतं. पानं होती सोळा.

सरांना बघून अक्का गडबडल्या, पदराला हात पुसले. सर सरळ भूपालदादांसमोर बसले. त्यांचा हात कोपरातून वाकवून बघितला, मूठ उघडमीट करायला लावली, झोप, भूक, चालणं सगळं विचारलं. शेवटी म्हणाले, "आवाज कसा आहे?"

"हाय. काम करताना गप ऱ्हातो. आत्ताबी गपच हाय."

"जूनच्या आधी होता तसाच?"

"तसाच. गोळी वाढली म्हणून कमी न्हाई झाला आन् आधी वाढलाबी नव्हता."

सरांनी मान हलवली. "उद्यापासून गोळी हळूहळू पहिल्यावर आणू. एकदम नाही. हात सैल व्हायला आठ-दहा दिवस लागतील. मी दर दोन दिवसांनी स्वतः येऊन बघेन." मग छपाईच्या मशीनपाशी उभ्या मालकाकडे वळून म्हणाले, "ह्यांचे हात आमच्या चुकीने बिघडलेत, ह्यांच्या आजाराने नव्हे. दहा दिवस सांभाळा."

मालक पट्टीवर तयार झालेली ओळ बघत होता. "सांभाळतोय की साहेब," तो म्हणाला. "ह्याच्यासारखी बिनचूक ओळ मिरजेत कोण बांधतं? पण पुस्तकं गणपतीनंतर घेऊन काय करू?"

"पुस्तकं हुतील," अक्का म्हणाल्या. "मी हाय की."

आता माझी पाळी होती. रस्ताभर मी वाक्यं जुळवत आले होते, त्यातलं एकही आठवेना. अजून आनंदाने छाती उडत होती आणि त्याच छातीत शरमही होती. दोन्ही एकदम असू शकतात हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

"भूपालदादा, त्या दिवशी तुमचंच बरोबर होतं. कॅप्सूल डावीकडेच लावली होती. तुमच्यामुळे आमची मोठी चूक सापडली. आणि जे दोन वर्षं शोधत होतो तेही सापडलं." मी आलेख उघडून त्यांच्यासमोर धरला आणि सांगत सुटले. कमान, तारा, निरोप, डावं, उजवं. ते शांतपणे ऐकत होते. सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे तो बाहेरचा न्हाई. माझंच बोलणं हाय, उशिरा पोचणारं."

"असं असावं. नक्की अजून कुणालाच माहीत नाही."

"तरीच त्याला माझं सगळं काम येतं," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच हसले. अक्कांनी त्या हसण्याकडे बघितलं आणि तोंड फिरवून उगीच खाने आवरायला लागल्या.

"पण दादा, त्या दिवसानंतर तुम्ही पुन्हा बोलला का नाहीत? मला एकदा सांगितलंत, मी ऐकलं नाही. कोष्टींना सांगायचं, सरांना सांगायचं. अक्कांनासुद्धा बोलला नाहीत. दोन महिने गेले."

भूपालदादांनी हातातली पट्टी खाली ठेवली.

"तुम्ही टेबलाच्या त्या अंगाला लिवत हुता. कागद माझ्याकडनं उलटा. पण मॅडम, मी वीस वर्षं उलटंच वाचतोय." ते हळू बोलत होते, रागाने नाही. "मी म्हनलं, कानशिलावरची गोळी हिकडची तिकडं लावली, तर तुम्ही पाच लिवलं. मी म्हनलं, कोण लावतं त्याला इचारा, तर खाली चार लिवलं. वर छापलेलं हुतं, एक ते सात. अजून सातापातूर जागा हुती. परत बोललो असतो तर सात दिलं असतं तुम्ही."

मालकाने मशीन बंद केलं होतं, त्यामुळे ते सगळ्यांनी ऐकलं. सर खाली बघत होते.

मी पिशवीतून फॉर्म काढला. सरांनी येतानाच सांगितलं होतं, जुना आकडा खोडायचा पण वाचता येईल असा, शेजारी नवा लिहायचा, सही आणि तारीख टाकायची. खिळ्यांच्या पेटीच्या कडेवर मी कागद ठेवला आणि दादांना नीट दिसावं म्हणून त्यांच्या बाजूला वळवायला लागले.

"ऱ्हाऊ द्या," भूपालदादा म्हणाले. "तुमच्याकडनंच सरळ ऱ्हाऊ द्या. मला असंच बरं वाचता येतं."

मी पाचावर एक रेघ मारली आणि शेजारी एक लिहिला. चारावर रेघ मारली, तिथेही एक लिहिला. सही केली. त्यांनी पुढे वाकून दोन्ही आकडे तपासले, तारीख तपासली, आणि अक्कांना पुढचा खिळा मागितला.